1914-18 ची ब्रिटिश विमान-इंजिनं: ड्रॉइंग बोर्डावर जिंकली की ओतशाळेत हरली?

पिस्टनपुराण (धागाकर्ता)

ऑगस्ट 1914 मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर (ब्रिटिश सैन्याचं हवाई दल) फ्रान्सला पोचलं तेव्हा त्यांच्या विमानांत ब्रिटिश बनावटीचं म्हणावं असं इंजिन जवळपास नव्हतंच. बीई2 मध्ये 70 अश्वशक्तीचं रेनो, अव्रो 504 मध्ये 80 अश्वशक्तीचं नोम, बाकी सगळी फ्रेंच पंगत. गंमत म्हणजे त्याच वर्षी सरकारने घेतलेल्या इंजिन-स्पर्धेत 5,000 पौंडांचं बक्षीस एका ब्रिटिश इंजिनाला मिळालं होतं. ते ग्रीन कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन. विश्वासू, पण जड. पहिल्या काही एफई2ए विमानांना ते बसवलं आणि मग काढून 120 अश्वशक्तीचं बिअर्डमोर लावावं लागलं. बिअर्डमोर तरी कुठे ब्रिटिश? मूळ रचना ऑस्ट्रो-डाइमलरची, फर्डिनांड पोर्शे यांची, लायसन्सवर स्कॉटलंडच्या कंपनीने घेतलेली.

तिथून पुढे तीन वाटा फुटल्या.

एक, नक्कल करून सुधारणं. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने रेनोच्या व्ही-8 वरून आरएएफ 1ए काढलं: हवेने थंड होणारं, 100 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 140 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 8.8 लिटर, 90 अश्वशक्ती. बीई2सी वर ते हजारोंनी उडालं. दोन, सरळ लायसन्स. ग्विन्सने क्लेर्जे, बेडफर्डच्या डब्ल्यू. एच. ॲलनने ल रोन, वॉल्थमस्टोच्या पीटर हुकरने नोम मोनोसुपाप. आणि तीन, नव्याने रचना. त्यात रोल्स-रॉइस ईगल, सनबीम अरब, बीएचपी म्हणजे पुढचं प्यूमा, आणि एबीसी ड्रॅगनफ्लाय.

ही तिसरी वाट मला सगळ्यात रंजक वाटते. कागदावर चारही दमदार. प्रत्यक्षात एक अजरामर झालं, एक कसंबसं चाललं, दोन बुडाली. माझं मत आधीच सांगतो: फरक हुशारीचा नव्हता. इंजिन फुटेपर्यंत चालवून कुणी पाहिलं आणि ऑर्डर आधी निघाली की चाचणी, यावर सगळं ठरलं. जाणकारांनी भर घालावी.

---

ओतकामवाला

सहमत, फक्त "चाचणी"च्या आधी "ओतकाम" हा शब्द घाला. प्यूमाची गोष्ट पूर्ण ओतशाळेची आहे.

बीएचपी म्हणजे बिअर्डमोर, हॅलफर्ड, पुलिंजर. सहा सिलिंडर एका ओळीत, 145 मिमी बोअर, 190 मिमी स्ट्रोक, 18.8 लिटर. 1916 मध्ये पहिलं इंजिन चाललं, बरं चाललं. मग सिडली-डीझीने मोठ्या प्रमाणावर बनवण्यासाठी रचना बदलली आणि 300 अश्वशक्तीचं लक्ष्य धरलं. सिलिंडर-ब्लॉक ॲल्युमिनियमचे ओतीव. 1917 च्या उन्हाळ्यात तपासणी झाली तेव्हा दहातले नऊ ब्लॉक सदोष निघाले.

का? त्या काळचं ॲल्युमिनियम ओतकाम समजून घ्या. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं आणि गोठताना सोडतं, म्हणून भिंतीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. त्यातून ब्लॉकमध्ये एका जागी जाड बॉस (बोल्टसाठीचा उंचवटा) आणि शेजारी पातळ वॉटर जॅकेट (पाणी खेळवणारं आवरण). पातळ भाग आधी गोठतो, जाड भागाला मागून धातू मिळत नाही, तिथे पोकळी पडते. कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा साचा) जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी कागदासारखी. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं. मशीनिंगचे सगळे तास खर्च झाल्यावर पाण्याच्या दाबाखाली ब्लॉक घाम गाळू लागतो, आणि तेव्हा तो भंगारात.

हिस्पानो-सुइझाच्या मार्क बिर्किग्ट यांना हे माहीत होतं. त्यांचाही ब्लॉक ॲल्युमिनियमचाच, आत आटे पाडून बसवलेले पोलादी लायनर. पण त्यांनी ब्लॉकला आतून-बाहेरून इनॅमल भाजून बसवलं, त्यामुळे बारीक छिद्रं बुजली. उपाय दिसायला किरकोळ आहे, पण ज्याने भट्टीसमोर उभं राहून काम केलंय त्यालाच सुचेल असा.

प्यूमा अखेर 230-240 अश्वशक्तीवर खाली आणून वापरलं. म्हणजे 300 ची शक्ती धरून आखलेल्या डीएच9 या बाँबफेकी विमानाला पाऊणच मिळाली.

---

निळीशाई

डीएच9 त्यामुळेच डीएच4 पेक्षा वाईट निघालं ना? नवं मॉडेल जुन्यापेक्षा मंद!

---

पिस्टनपुराण

@निळीशाई, हो. ईगल बसवलेलं डीएच4 उंची आणि वेग दोन्हींत सरस होतं. फ्रान्समधल्या रॉयल फ्लाइंग कोअरचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी 1917 संपायच्या आतच नापसंती कळवली होती. उत्तर असं आलं की बीएचपीवालं डीएच9 घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही. कारण ईगल पुरेशी बनतच नव्हती, आणि विमानांची ऑर्डर निघून गेली होती.

परिणाम 31 जुलै 1918 ला दिसला. 99 स्क्वाड्रनची बारा डीएच9 जर्मनीतल्या माइन्त्सकडे निघाली. तीन इंजिनाच्या बिघाडाने परतली. उरलेल्या नऊंनी माइन्त्स सोडून झारब्रुकेनवर बाँब टाकले, आणि नवातली सात पाडली गेली. बाँब घेऊन ही विमानं जर्मन लढाऊ विमानांच्या वर चढूच शकत नव्हती. विमानाची रचना वाईट नव्हती हे पुढे सिद्ध झालं: त्यात अमेरिकन लिबर्टीचं 400 अश्वशक्तीचं इंजिन घातल्यावर तेच डीएच9ए म्हणून युद्धानंतरही कित्येक वर्षं चाललं.

---

गावठी_टर्बो

ईगल "पुरेशी बनत नव्हती" हा मुद्दा उलगडा. एवढं चांगलं इंजिन, मग दहा कारखान्यांना का नाही दिलं?

---

रेडियल_राणे

कारण रोल्स-रॉइसने दिलं नाही. कंपनीचा कारभार पाहणारे क्लॉड जॉन्सन लायसन्सच्या सक्त विरोधात होते. फाल्कन आणि हॉक ही धाकटी इंजिनं ब्रिस्टलच्या ब्राझिल-स्ट्रेकरला मिळाली, तिथे रॉय फेडन हे इंजिनिअर होते म्हणून. ईगल मात्र रोल्स-रॉइसच्या डर्बीच्या कारखान्याबाहेर गेलं नाही.

यात निव्वळ हेका नव्हता. ईगलची रचना बघा. 60 अंशांचं व्ही-12, बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेसहा इंच, 20.3 लिटर. बारा सिलिंडर बारा वेगळे. प्रत्येक पोलादी फोर्जिंगमधून कातलेला, त्यावर पोलादी पत्र्याचं वॉटर जॅकेट दाबून आकार दिलेलं आणि वेल्ड केलेलं. सहा-सहाच्या प्रत्येक रांगेवर एकच कॅमशाफ्ट. ही पद्धत मर्सिडीजची. 1914 ची मर्सिडीज रेसिंग कार लंडनच्या शोरूममध्ये अडकली होती, ती डब्ल्यू. ओ. बेंटली यांच्या सांगण्यावरून तिथून हलवून डर्बीत उघडली गेली. शिकले तिथून, पण आंधळी नक्कल केली नाही.

आता ओतकामवाल्यांचा मुद्दा इथे लावा. वेगळा सिलिंडर असेल तर जॅकेटचा प्रत्येक सांधा एकेकट्याने पाण्याच्या दाबाखाली तपासता येतो. गळला तर एक सिलिंडर बाद, सहाचा किंवा चाराचा ब्लॉक नाही. फील्डवर एक सिलिंडर गेला तर एकच बदला. किंमत कशात मोजली? कुशल वेल्डरच्या तासांत. प्रोपेलर इंजिनापेक्षा हळू फिरवण्यासाठी एपिसायक्लिक रिडक्शन गिअर होता, त्याचे दाते आणि बेअरिंग्ज हाताने जुळवावी लागत. मोटारीच्या सर्वसाधारण कारखान्याला हे ड्रॉइंग नुसतं देऊन चाललं नसतं. तरी मला वाटतं, दोन-तीन कारखान्यांना 1916 मध्येच शिकवायला घेतलं असतं तर डीएच9 ची वेळ आली नसती. फाल्कन ब्रिस्टलला जमलं, मग ईगल का नसतं जमलं?

---

पिस्टनपुराण

उत्तम. चाचणीबद्दल थोडं मीच जोडतो. सरकारने रॉइस यांना आधी रेनोची 50 इंजिनं बनवायला सांगितलं होतं. हेन्री रॉइस यांना ते इंजिन पसंत पडलं नाही, त्यांनी 200 अश्वशक्तीचं स्वतःचं मांडलं. फेब्रुवारी 1915 मध्ये पहिलं ईगल चाचणीच्या बाकावर चाललं आणि 225 च्या आसपास शक्ती दिली. पुढचं काम अर्नेस्ट हाइव्ह्ज यांच्या प्रयोग विभागाचं: इंजिन पूर्ण ताकदीवर चालवा, जे तुटेल ते बघा, तेवढाच भाग मजबूत करा, पुन्हा चालवा. ईगल 8 पर्यंत त्याच बोअर-स्ट्रोकमध्ये 360 अश्वशक्ती आली. घनफळ एक थेंबही वाढवलं नाही.

---

एरंडेल

सगळे पाण्याच्या इंजिनांवर चढले आहेत, रोटरीचं काय? 1917 मध्ये आघाडीवर निम्मी लढाऊ विमानं गरगर फिरणाऱ्या सिलिंडरांवर होती.

नवीन वाचकांसाठी: रोटरीत क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बोल्ट केलेला असतो, क्रँककेस आणि सिलिंडर प्रोपेलरसकट फिरतात. सिलिंडर विषम असतात, कारण फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक पेटायला हवेत. नऊ सिलिंडरांत क्रम 1-3-5-7-9-2-4-6-8, दोन फेऱ्यांत सगळे संपतात आणि ठोके समान अंतरावर पडतात.

पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येतं. तिथेच तेल. खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते विरघळवून धुऊन नेईल. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि तापल्यावरही त्याचा पापुद्रा टिकतो, म्हणून एरंडेलच. ते परत गोळा होत नाही, एक्झॉस्टमधून बाहेर फेकलं जातं. सॉपविथ कॅमलच्या टाकीत पेट्रोल 37 गॅलन आणि तेल सहा-साडेसहा गॅलन, आणि उड्डाण जेमतेम अडीच तासांचं. भारत तेव्हाही एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठादार होता, त्यामुळे या धाग्याशी आपल्या शेताचंही थोडं नातं आहे.

---

निळीशाई

मग पायलटच्या पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको :)

---

एरंडेल

:) ते राहू द्या, गंभीर दुखणं वेगळं होतं.

क्लेर्जे 9बी: 120 मिमी बोअर, 160 मिमी स्ट्रोक, 16.3 लिटर, 130 अश्वशक्ती. पोलादी सिलिंडर पातळ कातलेले. फिरताना सिलिंडरच्या पुढच्या बाजूला वारा थेट लागतो, मागची बाजू आडोशाला. त्यामुळे एक बाजू गार, दुसरी गरम आणि सिलिंडर गोल राहत नाही. साधी पिस्टन रिंग अशा अंडाकृती भोकात गॅस धरत नाही. म्हणून पिस्टनच्या माथ्याजवळ ऑब्च्युरेटर रिंग घालत. ही एल आकाराच्या छेदाची, अतिशय पातळ, गॅसच्या दाबाने भिंतीला चिकटणारी. तिचं आयुष्य फार कमी. ती मोडली की गरम गॅस पिस्टनच्या कडेने खाली जातो, तेलाचा पापुद्रा जळतो, पिस्टन पकडतो. तोही हवेत, आणि कधीकधी शत्रूच्या हद्दीवर.

नौदलाच्या हवाई दलातले बेंटली यांनी रिंग सुधारायच्या भानगडीत न पडता सिलिंडरच बदलला. बाहेर ॲल्युमिनियम, आत ओतीव लोखंडाचा लायनर, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमचे पिस्टन ते युद्धाआधी डीएफपी मोटारींत वापरत होते. ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं म्हणून गरम-गार बाजूंतला फरक घटतो आणि सिलिंडर बराचसा गोल राहतो. स्ट्रोक 170 केला, 150 अश्वशक्ती मिळाली. हेच बीआर1, कॉव्हेंट्रीच्या हंबर कारखान्यात बनलं.

---

मायक्रोमीटर

@एरंडेल, लायनरबद्दल एक आकडेमोड, कारण "आत लायनर घातला" हे वाचायला सोपं वाटतं.

ॲल्युमिनियम अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन प्रसरण पावतं, ओतीव लोखंड 11. फरक 12. 120 मिमी व्यास आणि 150 अंशांची तापमानवाढ धरली तर फरक पडतो 0.12 × 12 × 150 = 216 मायक्रॉन, म्हणजे सुमारे 0.2 मिमी. गार असताना नुसता घट्ट बसवलेला लायनर गरम झाल्यावर सैल पडेल, मधे हवेची फट येईल, उष्णता अडेल आणि सगळा उद्देशच फसेल. म्हणून ॲल्युमिनियमची बाही तापवून लायनरवर चढवायची आणि थंड होताना ती आवळू द्यायची. ती फीट इतकी घट्ट हवी की काम करण्याच्या तापमानालाही पकड उरेल. प्रत्यक्षात लायनर बाहीपेक्षा जास्त गरम असतो, त्यामुळे 0.2 पेक्षा थोडं कमी चालतं. पण फार घट्ट केलं तर थंडीत बाही तडकते. 1916 मध्ये ही सीमा चाचपडत शोधावी लागली असणार.

रोटरीचं दुसरं गणितही घ्या. 1,250 आरपीएम म्हणजे सेकंदाला 131 रेडियन. व्हॉल्व्ह केंद्रापासून 45 सेंमी धरला तर त्वरण 131 × 131 × 0.45, सुमारे 7,700 मी/से². गुरुत्वाच्या जवळपास 790 पट. 100 ग्रॅमचा व्हॉल्व्ह 79 किलोचा होतो! रॉकर, पुशरॉड, स्प्रिंग सगळं या हिशोबात बसवायचं.

---

एरंडेल

आणि म्हणूनच रोटरीला छत होतं. सिलिंडर हवा घुसळतात त्यात जाणारी शक्ती आरपीएमच्या घनाने वाढते. वेग वाढवता येत नाही, उरतं घनफळ. बीआर2 मध्ये 140 × 180 मिमी, 24.9 लिटर, 230 अश्वशक्ती. सॉपविथ स्नाइपवर ते बसलं. रोटरीचं शेवटचं मोठं इंजिन. त्याच्या पलीकडे रस्ताच नव्हता.

चालवण्याबद्दल एक महत्त्वाचं. क्लेर्जेला दोन लीव्हर: एक हवेचा, एक पेट्रोलच्या बारीक समायोजनाचा. दोन्ही आपोआप जुळत नाहीत. टेक-ऑफनंतर काही शे फुटांवर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, इंजिन गुदमरून थांबतं. पेट्रोलचा लीव्हर वेळेत मागे घ्यायला हवा, आणि घेतल्यावरही इंजिन परत पकडायला काही सेकंद लागतात. नवखा पायलट घाबरून नाक वर ओढायचा, वेग संपायचा, कॅमल गिरकी खाऊन खाली. मोनोसुपापला तर थ्रॉटलच नाही, इग्निशन बटणाने बंद-चालू करायचं. बटण दाबून धरलं तरी पेट्रोल येतच राहतं, काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणात) साचतं, आणि बटण सोडल्यावर भडका. उतरताना आधी पेट्रोल बंद, मग बटण, हा क्रम म्हणूनच शिकवत.

---

गावठी_टर्बो

सनबीम अरब आणि ड्रॅगनफ्लाय राहिले. कोणीतरी पोस्टमॉर्टेम करा.

---

रेडियल_राणे

अरब थोडक्यात. सनबीमचे इंजिनिअर लुई कोटालेन यांचं व्ही-8, 120 × 130 मिमी, म्हणजे हिस्पानोचेच आकडे, 11.8 लिटर, 200 अश्वशक्ती. 1917 च्या सुरुवातीला हजारोंच्या हिशोबात ऑर्डर, चाचण्या पुऱ्या व्हायच्या आत. मग कंपनं, क्रँककेसला तडे, सिलिंडरचे बिघाड. 1917 संपताना शंभरसुद्धा पोचली नव्हती. ब्रिस्टल फायटरवर फाल्कनच्या जागी बसवून बघितलं, पायलटांनी नाकं मुरडली.

ड्रॅगनफ्लायवर मात्र जरा थांबतो, कारण ही चूक जास्त शिकण्यासारखी.

एबीसीच्या ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांचं नऊ सिलिंडरचं स्थिर रेडियल, म्हणजे सिलिंडर रोटरीसारखे गोलात पण न फिरणारे. साडेपाच × साडेसहा इंच, 22.8 लिटर, 320 अश्वशक्तीचा दावा. भाग थोडे, मशीनिंग सोपं, कोणताही कारखाना बनवू शकेल असं. विमान-उत्पादन पाहणारे विल्यम वीअर यांना भुरळ पडली आणि 13 कारखान्यांना मिळून अकरा हजारांच्या आसपास ऑर्डर दिल्या गेल्या. 1919 मध्ये हवाई दलाचं मुख्य इंजिन हेच व्हायचं होतं.

दोन दोष. पहिला, उष्णता. पोलादी सिलिंडरच्या पंख्यांवर (वाऱ्याने गार होण्यासाठीच्या बाहेरच्या पातळ कडांवर) तांब्याचा मुलामा दिला की गार राहील अशी कल्पना. मुलाम्याची जाडी ती किती, त्यातून उष्णता वाहणार किती? पंखे उथळ, हेडही पोलादी. प्रोपेलरचा लाकडी बॉस काळा पडेपर्यंत इंजिन तापायचं. हे अडाणीपणाने झालं असं म्हणता येत नाही, कारण फार्नबरोला प्रा. गिब्सन आणि सॅम हेरन यांनी ॲल्युमिनियम हेडचं काम त्याच काळात करून ठेवलं होतं. विचारलं नाही.

दुसरा दोष जीवघेणा: पिळाची कंपनं.

---

मायक्रोमीटर

ते मी घेतो. क्रँकशाफ्ट म्हणजे पोलादी दांडा, तो पीळ खातो आणि सुटतो. एका टोकाला प्रोपेलरचं जड वस्तुमान, दुसऱ्या टोकाला क्रँकचा गळा, काउंटरवेट, नऊ पिस्टन. या रचनेची स्वतःची एक वारंवारता असते. नऊ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत साडेचार ठोके देतं. 1,650 आरपीएमला सेकंदाला 27.5 फेऱ्या, म्हणजे सुमारे 124 ठोके. शाफ्टची नैसर्गिक वारंवारता याच्या आसपास आली तर प्रत्येक ठोका आधीच्या पिळावर नवा पीळ चढवतो, झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं. ड्रॅगनफ्लायची काम करण्याची गती नेमकी तिथेच होती. काही तासांत शाफ्ट तुटत.

उपाय कागदावर सोपा: शाफ्ट जाड करा, वारंवारता वर जाईल. पण शाफ्ट जाड म्हणजे बेअरिंग मोठं, बेअरिंग मोठं म्हणजे क्रँककेस वेगळी, आणि 13 कारखान्यांत आधीच्या मापाचे जिग-फिक्श्चर (भाग पकडून कापायचे साचे) तयार. तोपर्यंत शस्त्रसंधी झाली. हजाराच्या थोडी वर इंजिनं पोचली आणि त्यांचा काही उपयोग झाला नाही.

एक गोष्ट ब्रॅडशॉ यांच्या बाजूने: 1917-18 मध्ये पिळाच्या कंपनांचं गणित फार थोड्यांना येत होतं. पण बाकावर शंभर तास पूर्ण ताकदीने चालवलं असतं तर गणिताशिवायही शाफ्टनेच उत्तर दिलं असतं.

---

ओतकामवाला

हिस्पानोचं ब्रिटिश प्रकरण राहिलं, ते मधलं आहे. 150 अश्वशक्तीचं सरळ (गिअर नसलेलं) इंजिन छान चाललं. 200 चं गिअरवालं आलं आणि दाते जाऊ लागले. फ्रान्सच्या ब्राझिए कंपनीच्या इंजिनांत गिअरची कठिणीकरण प्रक्रिया नीट नव्हती, दाते मऊ. 1917 च्या शेवटी एसई5ए या लढाऊ विमानाचे शेकडो सांगाडे इंजिनाविना उभे होते, म्हणून तीच इंजिनं वापरावी लागली. वुल्सलीने अखेर गिअर काढून टाकला, कॉम्प्रेशन वाढवलं, प्रोपेलर थेट शाफ्टवर. तेच व्हायपर, 200 अश्वशक्ती. प्रोपेलरची कार्यक्षमता थोडी गेली, पण विमान घरी येऊ लागलं.

---

निळीशाई

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर 23 स्क्वाड्रनमध्ये होते, जून 1918 मध्ये पाडले गेले आणि जखमांनी गेले. त्यांच्या विमानात यातलं कोणतं इंजिन?

---

ओतकामवाला

सॉपविथ डॉल्फिन. म्हणजे गिअरवालं 200 चं हिस्पानो. डॉल्फिनचा पसारा त्या गिअरमुळे वर आलेल्या प्रोपेलरभोवतीच आखला होता, त्यामुळे सरळ व्हायपर घालून प्रश्न मिटवण्याची सोय एसई5ए इतकी सोपी नव्हती. त्यांच्याच वेळचे इंद्रलाल रॉय 40 स्क्वाड्रनमध्ये एसई5ए वर आणि हरदित सिंग मलिक कॅमलवर, म्हणजे रोटरीवर. तीन भारतीय, तीन वेगळी विमानं.

---

गावठी_टर्बो

ही इंजिनं आज चालू अवस्थेत कुठे दिसतात? लंडनला जाणं होणार आहे.

---

रेडियल_राणे

लंडनच्या उत्तरेला ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ कलेक्शन. फाल्कन 3 वालं ब्रिस्टल फायटर आणि व्हायपरवालं एसई5ए दोन्ही तिथे उडतात, पण फक्त वारा पडलेल्या दिवशी, आणि तेही बहुधा प्रदर्शनाच्या शेवटी संध्याकाळी. दुपारीच निघून येऊ नका. फाल्कन सुरू होताना इंजिनाच्या बाजूला उभं राहायला मिळालं तर सिलिंडरांच्या जॅकेटवरची वेल्डची रेघ शोधा. ईगलवर अटलांटिक ओलांडलेलं अल्कॉक-ब्राउन यांचं व्हिमी सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. जाण्याआधी दोन्हींचं वेळापत्रक पाहून घ्या.